पाठमोरा नीळकंठ चालत नाही

कळमनुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि तोंडाचा फटकळ म्हणून बाजारात माझं नाव आहे. ते मी नाकारत नाही. फोटो काढणाऱ्यानं गोड बोलून भागत नाही. नवरदेव तोंड उघडं टाकून बसतो, नवरीची मावशी नेमकी फ्लॅश पडायच्या वेळी शिंकते, मामा पोट सोडून उभा राहतो. त्यांना जरा, कृपया, करत बसलो तर अक्षता पडून पंगती उठल्या तरी एक धड फोटो व्हायचा नाही. मी सरळ सांगतो. तोंड मिटा, पोट आत घ्या, हनुवटी वर. एकदा एका फौजदाराला मी त्याच्या सासरच्या मंडळींसमोर पोट आत घ्यायला लावलं होतं. त्यानं मुकाट्यानं घेतलं आणि फोटो होईपर्यंत श्वाससुद्धा सोडला नाही.

हा अधिकार माझ्या डोक्यात गेला होता असं माझी बायको म्हणते. गेला असेल. पण तो पाखरांनी उतरवला.

हल्ली लग्नसराई सोडली तर स्टुडिओत माशा मारायचं काम असतं. ज्याच्या हातात मोबाईल तो फोटोग्राफर. आमच्याकडं पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. म्हणून मी नांदेडहून एक जुनी लांबलचक लेन्स आणली आणि सकाळी सकाळी रानात जायला लागलो. पाखरांच्या फोटोचं शास्त्र आधी नीट समजून घेतलं. डोळा चमकला पाहिजे, मान आपल्याकडं वळलेली पाहिजे, शेपटी फांदीमागं दडलेली नको आणि पाठमोरं तर अजिबात नको. म्हणजे सगळे लग्नातलेच नियम. मला वाटलं, ह्यात काय अवघड हाय?

पण पाखरू ऐकत नाही हो. खंड्यानं मासा धरला की तोंड पलीकडं. सुगरण माझी गाडी स्टँडवर लागेपर्यंत खोप्याला झकास लटकलेली असते, आणि लेन्स वर केली की खोपा रिकामा. सवयीनं मी ओरडायचो, मान इकडं करा म्हणून. एकदा एका बगळ्याला मी जरा हसा म्हणालो. ते शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बाईनं ऐकलं, आणि तेव्हापासून तिनं त्या बांधावरून यायचंच सोडलं. वर्षभरात माझ्याकडं फांद्यांचा मोठा संग्रह झाला. फांदी एकदम साफ, पानाची शीर न् शीर दिसते, पाखरू तेवढं नुकतंच गेलेलं.

हे फोटो आमच्या घरात मन लावून पाहणारं एकच माणूस निघालं, माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मामी कुरुंद्याच्या. मागच्या पावसाळ्यात त्या अंगणात कोंबडीमागं धावताना पडल्या आणि खुबा मोडला. कोंबडीला काही झालं नाही. नांदेडला ऑपरेशन झालं आणि गावाकडं करायला कुणी नाही म्हणून त्यांना तिथून थेट आमच्याकडं आणलं. आमचं खाली स्टुडिओ, वर राहणं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पायावर भार द्यायचा नाही, जिना चढायचा नाही की उतरायचा नाही. तेव्हापासून मामी वरच्या खोलीत खिडकीपाशी खाटेवर होत्या.

जीभ मात्र ठणठणीत होती. जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही ही त्यांची रीत. पदर पुढं ओढून त्या लेकीला सांगायच्या, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी लॅपटॉपवर फोटो दाखवले की म्हणायच्या, बाभूळ झकास आली, आता इचार तुज्या मालकाला पाखरू कुठं ठिवलं. माझ्या लेन्सला त्या नळकांडं म्हणत.

एका गोष्टीत मात्र त्या बदलल्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून पुढच्या सालाचं नाव काढलं की त्या तोडून टाकायच्या. बायको म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या हातच्या कुरड्या करू. मामी म्हणाल्या, पुढच्या सालचं मला सांगू नको. पुढच्या साली हळद काढायला आपण सगळे गावाकडं जाऊ म्हटलं तरी तेच. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला रडू येत नाही, मला राग येतो. मी खाली जाऊन एखाद्या गिऱ्हाइकाला मान सरळ ठेवत नाही म्हणून झापायचो.

अशात दसरा आला. आमच्या भागात दसऱ्याला नीळकंठ पाहायची रीत आहे. कुणी त्याला चास म्हणतात. तारेवर बसलेला असला तर मातकट दिसतो, पण पंख उघडले की असा निळा निघतो की माणूस हातातलं काम विसरतं. दसऱ्याला तो दिसला म्हणजे त्या घराला वरीसभर आच लागत नाही असं जुनी माणसं सांगतात. बाकीच्यांना दिसला तर बरं, नाही दिसला तरी पुरणपोळी अडत नाही. मामींची अडायची. लग्न होऊन आल्यापासून त्या दसऱ्याच्या सकाळी रानात जाऊन नीळकंठ पाहायच्या आणि मगच तोंडात पाणी घालायच्या. एकाच साली तो दिसला नाही. आभाळ गच्च भरलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांनी हट्ट करून त्यांना तसंच जेवायला बसवलं. त्याच साली संक्रांतीच्या आधी सासरे गेले. त्यानंतर ह्या विषयावर मामींशी वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, उद्या नीळकंठ पाहिल्याबिगर मी काही खाणार न्हाई. आता त्यांना साखरेचा आजार. गोळी जेवणाबरोबर घ्यावी लागते आणि उपाशी राहिल्या की हातपाय कापायला लागतात. आणि खाटेवरून खिडकीतून दिसते ती समोरच्या कृषी केंद्राची पाटी. तिच्यावर नीळकंठ कशाला येऊन बसतो? बायकोनं हात जोडले, मी आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच बोलून गेलो की उद्या सकाळी मी नीळकंठाचा ताजा फोटो काढून आणतो, मोठ्या पडद्यावर दाखवतो. लोक आजकाल देवीचं दर्शनसुद्धा मोबाईलवर घेतात, मग पाखराचं काहून चालू नये? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामींनी लेकीमार्फत अटी घातल्या. फोटो दसऱ्याच्या सकाळचाच पाहिजे. पाखराचं तोंड उजवीकडं पाहिजे, डावं चालत नाही. पंख उघडे पाहिजेत, निळं दिसलं पाहिजे. आणि पाठमोरा नीळकंठ तर मुळीच चालत नाही, देवाची पाठ पाहून कुणी दर्शन झालं म्हणतं का? एखाद्या व्याह्यानं मला अशा अटी घातल्या असत्या तर मी कॅमेरा गुंडाळून घरी आलो असतो. मामींना मी बरं म्हणालो.

त्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणजे हत्यारांची पूजा. शेतकरी विळे-कुऱ्हाडी पुजतो, आमच्याकडं कॅमेऱ्याची पूजा असते. मी खाली जुन्या कॅमेऱ्यावर एका गिऱ्हाइकाचा फोटो काढत होतो, तेवढ्यात वर मायलेकींनी मोठी लेन्स लावलेला कॅमेरा पाटावर मांडून पूजा उरकूनही टाकली. मी वर आलो तेव्हा कॅमेऱ्याला झेंडूचा हार होता, पुढं नारळ होता आणि लेन्सला झाकण नीट लावलेलं होतं. इतक्या वर्षांत बायकोला झाकणाची किंमत कळली म्हणून मी मनातल्या मनात खूष झालो.

दसऱ्याला तांबडं फुटायच्या आत निघालो. नांदेड रोड सोडून आतल्या एका शिवारात सोयाबीनची मळणी चालू होती. मळणीयंत्र सुरू झालं की किडे उडतात आणि ते खायला नीळकंठ येतो, एवढं मी वर्षभरात शिकलो होतो. आलाही होता. विजेच्या तारेवर बसला होता, माझ्याकडं पाठ करून.

मी बांधाबांधानं वळसा घालून पलीकडं गेलो. तो बसल्या जागी फिरला आणि पुन्हा पाठ. मी चिखल तुडवत परत अलीकडं आलो. तो परत फिरला. तिथं एक बाबा मेंढरं घेऊन उभा होता. तो काठीवर हनुवटी टेकवून हे सगळं बघून राहिला होता. आधी त्याला वाटलं मी मोजणीला आलोय. मी सांगितलं, त्या पाखराचं तोंड पाहिजे. बाबानं पाखराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी गंभीरपणानं विचारलं, त्याचं अन् तुमचं कशावरून बिनसलं?

मग माझा पारा चढला. मी त्या पाखराला भर शिवारात उभं राहून सुनावलं. अरे, तिकडं म्हातारी उपाशी बसलीय, तुला जरा तोंड इकडं करायला काय धाड भरली? मळणीवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. नीळकंठालाही ते लागलं असावं, कारण तो उठला. तारेवरून सुटला, उजवीकडं वळला, सकाळचं ऊन बरोब्बर अंगावर आणि दोन्ही पंख उघडे. मी बटण दाबतच राहिलो. कॅमेऱ्यातून जरा धुरकट दिसत होतं, पण मळणीचा धुरळा किती उडून राहिला होता. मागच्या छोट्या पडद्यावर उन्हात नीट दिसेना, निळं काहीतरी दिसलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी गाडीवर गाणं म्हणत घरी आलो.

जिन्यातच शेजारचे टेलर चाचा भेटले. आमचं त्यांचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. आनंदाच्या भरात मी त्यांनाही वर ओढलं. मामी उशीला टेकून बसल्या होत्या, बायको ताट वाढून तयार होती. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला, साहेबासारखा घसा साफ केला आणि फोटो उघडला.

पडद्यावर मधोमध पिवळं-लाल धुकं होतं. धुक्याच्या एका बाजूनं चोचीचं टोक आलं होतं, दुसऱ्या बाजूनं शेपटीचं. पुढचा फोटो काढला, तोही तसाच. सगळे तसेच. मी कॅमेरा उलटा करून लेन्स पाहिली. काचेच्या बरोबर मध्यावर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू, आणि त्यात एक अक्षत चिकटलेली.

काचेवर कुंकू लावतं का कुणी, म्हणून मी जो ओरडलो तो खालच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. बायकोनं आईकडं पाहिलं. पदराआडून मामींनी लेकीला खुलासा केला. पूजा करताना त्यांनी विचारलं होतं की ह्याचं कपाळ कुठंय. लेक म्हणाली, ह्याला कपाळ नसतं. तर मामी म्हणाल्या, त्यो बघतो कुठून? जिथं डोळा तिथंच कपाळ असंल, लाव तिथं. आणि लावलेलं कुंकू पुसून जाऊ नये म्हणून वरून झाकण घातलं. म्हणजे झाकणाची किंमत कुंकवापायी कळली होती.

मी अजून बरंच बोलणार होतो. पण मामींचा पदर धरलेला हात थरथरायला लागला होता. कपाळावर घाम आला होता. बायकोनं साखरेचं पाणी ओठाला लावलं, त्यांनी ओठ मिटून घेतले. चाचा म्हणाले, दो घूंट तो पी लो, पाखरू कुठं बघून राहिलं. मामींनी मान हलवली. बायको रडायला लागली आणि माझा तोल सुटला. आजवर कधी त्यांना तोंडावर असं बोललो नव्हतो, ते बोललो. एका पाखरापायी जीव द्यायचाय का तुम्हाला, मामी?

मामींनी पदर मागं सारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

“माज्या जिवाचं काय घिऊन बसलात? मी पिकलं पान. पण औंदा मी तुमच्या उंबऱ्याच्या आत हाय, जावईबापू. माज्यामुळं ह्या घराला काय झालं तर मी कुणाला तोंड दावू?”

मी खाली बसलो. सकाळपासून मी त्यांना हट्टी म्हातारी म्हणत होतो, आणि त्या माझ्या घरासाठी उपाशी बसल्या होत्या. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मला फक्त लाज वाटली.

चाचा दारात उभे होते. ते म्हणाले, वो नीले पंखवाला ना? वो तो रोज अपने पिछवाड़े के तार पे बैठता. दुपारी गच्चीवर डबा खाताना ते त्याला बघत होते, कितीतरी दिवसांपासून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी चिखलातून घालून आलो होतो. मी म्हणालो, पण मामींना जिना चढायची मनाई आहे.

“डॉक्टर बोले पाँव पे वजन नै डालना,” चाचा म्हणाले. “कुर्सी पे बैठना मना बोले क्या?”

माझ्या स्टुडिओत नवरा-नवरीला बसवायची एक खुर्ची आहे, लाल मखमलीची, सोनेरी हातांची. ती वर आणली. तिघांनी मिळून मामींना अलगद तिच्यात बसवलं आणि चाचांनी दुकानातलं शर्टाचं कापड आणून त्यांना कमरेशी खुर्चीला बांधलं. मी सवयीनं कॅमेरा गळ्यात अडकवला, काच मात्र आधी तीनदा पुसली. पुढून चाचा, मागून मी, आणि बाजूनं बायको जपून, जपून म्हणत. जावयानं आपल्याला उचललं ह्या लाजेनं मामींनी पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

गच्चीवर पोचलो तर नीळकंठ होता. तारेवर. पाठमोरा.

“पाठमोरा हाय का?” पदराआडून आवाज आला. खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. आम्ही खुर्ची उचलून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तिथून त्याचं तोंड दिसत होतं, पण कठडा एवढा उंच की बसलेल्या माणसाला नुसतं आभाळ दिसावं. म्हणून चाचांनी आणि मी दोन्ही बाजूंनी खुर्ची छातीपर्यंत उचलून धरली. माझे दंड भरून आले. तरी मामींना काही दिसेना, कारण पदर. मी म्हणालो, पदर वर घ्या. त्या घुटमळल्या. मी म्हणालो, मी जरा मागच्या अंगाला सरकतो, माझं तोंड दिसणार नाही. तेव्हा त्यांनी घेतला. पण बघत होत्या भलतीकडंच, मोबाईलच्या टॉवरकडं.

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मामी, मान जरा डावीकडं. हनुवटी वर. अजून थोडी. बास, आता हलू नका.”

मामी हलल्या नाहीत. त्या फौजदारासारखा त्यांनी श्वाससुद्धा धरून ठेवला. वर्षभर मी पाखरांना पोझ द्यायला सांगत होतो. ती बघणाऱ्याला द्यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चाचा शिंकले. नीळकंठ दचकून उठला आणि सरळ आमच्याकडं आला. गच्चीसमोरून डावीकडून उजवीकडं गेला, दोन्ही पंख पूर्ण उघडे, ऊन अंगावर, मान आमच्याकडं वळलेली आणि डोळ्यात चमक. असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो. कॅमेरा माझ्या छातीवर लोंबत होता, काच लख्ख होती, आणि माझ्या दोन्ही हातांत सासू होती. खोटं कशाला बोलू, बोटं फुरफुरली. पण हात सोडला नाही.

मामी हात जोडून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, दिसला. मग लेकीला म्हणाल्या, पाणी आण गं.

गच्चीवरच त्यांनी गोळी घेतली आणि मखमलीच्या खुर्चीत बसून पुरणपोळी खाल्ली. चाचांनाही तिथंच वाढलं. माझे हात इतके कापत होते की मला घास तोंडाशी नेता येईना. त्यावर मामी लेकीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी आपट्याचं सोनं द्यायला माणसं आली. मामींनी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की नीळकंठ कसा आला, कसा उजवा गेला, किती निळा होता. प्रत्येकजण माझ्याकडं वळून फोटो मागायचा. मी तो हळदी-कुंकवाचा फोटो दाखवायचो. एका आजींनी त्याला हात जोडले.

सगळे गेल्यावर मी मामींच्या हातात आपट्याची पानं ठेवून पाया पडलो. त्यांनी पानं पदराच्या टोकाला बांधली. पदर होता, पण कपाळापर्यंतच.

“तुमचा फोटो ऱ्हायला माज्यापायी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली त्या नळकांड्याची काच मी पुसून देते. कुंकू बाजूला लावू.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. मला काहीतरी फटकळ बोलून ती वेळ निभावून न्यायची होती. मी नुसतं बरं म्हणालो आणि कॅमेरा पुसायला घेतला.